बैलाच्या चित्राची पाच तिकिटं

सुरतेत, लिंबायतला आमच्या खोलीची मागची भिंत दिवसभर थरथरायची. पलीकडे लूमचा कारखाना होता, आणि त्याची खटखट आमच्या अंगात इतकी मुरली होती की वीज गेली आणि लूम एकदम थांबले की माय दचकून म्हणायची, "काय व्हयनं?" फळीवरची भांडी आपली आपण सरकत कडेला यायची आणि संध्याकाळी ती परत आत ढकलणं हे माझं काम होतं. आम्ही सगळे ओरडून बोलायचो. अजूनही माझा नवरा म्हणतो, "अगं, मी बहिरा नाही." आता त्याला काय सांगायचं. लूमच्या भिंतीला पाठ लावून वाढलेल्या पोरीचा आवाज हळू कुठून होणार. एकटे नाना, म्हणजे माझे वडील, हळू बोलायचे. गल्लीतले सगळे खान्देशी बाप्ये लूमवर आणि नाना तेवढे बैलगाडीवर. सुरतेला आल्यावर दोन वर्षं त्यांनीही लूम चालवून पाहिला, पण तो आवाज त्यांना मानवेना, घरी येऊन डोकं धरून बसायचे. मग त्यांनी गावाहून, आजोबांच्या गोठ्यात जन्मलेला एक बैल ट्रकमध्ये घालून आणला, एका बैलाची गाडी करून घेतली आणि लूमवरून निघालेले कोऱ्या कापडाचे ताके पांडेसऱ्याच्या रंगाई मिलांमध्ये पोचवायचं काम धरलं. टेम्पो तेव्हाही होते, पण आमच्या बोळात टेम्पो शिरत नसे. हौश्या शिरायचा. हौश्या हे त्या बैलाचं नाव.

तो दारासमोरच्या कडुनिंबाखाली बांधलेला असे. रंगाने गव्हाळ, एक शिंग जरा आत वळलेलं, आणि स्वभावाने थेट माझ्या मायसारखा, म्हणजे मनात आलं तर जीव लावील, नाही तर ढुंकून बघणार नाही. माय कळण्याच्या भाकरी करायची, ज्वारी आणि उडीद एकत्र दळून केलेल्या, त्यातली एक नाना हाताने मोडून त्याला चारायचे आणि मग स्वतः जेवायला बसायचे. सोबत भाजलेल्या वांग्याचं भरीत, नाही तर नुसता मिरचीचा ठेचा आणि तेल. जेवताना त्यांची पाठ मायकडे आणि तोंड दाराकडे, बैल दिसावा म्हणून. माय भाकरी थापता थापता टोमणा मारायची, "तुम्हनं लगीन मनासंगे लागनं का यानासंगे?" नाना नुसते मिशीत हसायचे. रस्त्याने मात्र ते हौश्याशी सारखे बोलत. रेल्वेखालच्या गरनाळ्यात पाणी साचलं की खाली उतरून त्याच्या कानाशी तोंड नेऊन सांगायचे, पुढे खड्डा आहे, डावीकडून चल. मी कधी ताक्यांवर बसून सोबत गेले तर मला वाटायचं, एवढं बोलणं हे आपल्याशी का बोलत नाहीत. खोटं कशाला सांगू, मला त्या बैलाचा हेवा वाटायचा.

पोळ्याला तर विचारूच नका. गल्लीत पन्नासेक खान्देशी घरं आणि जिवंत बैल एकच. बाकीच्यांनी आपापले बैल गावी भावांकडे सोडलेले, नाही तर विकलेले. मातीचे बैल पुजून लोकांचं समाधान होत नसे. मग पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणीला सगळी गल्ली आमच्या दारात जमायची. बायका वाटीत तूप आणि हळद घेऊन यायच्या आणि लूमवर सुताने हात कापलेले ते बाप्ये एकेक करून पुढे होऊन हौश्याच्या खांद्याला तूप चोळायचे. वर्षभर ज्या खांद्यावर जू बसतं त्याची ती माफी मागायची रीत. कुणी पटकन हात फिरवून बाजूला होई, कुणी चोळतच राही आणि मागचा माणूस ओरडे, "सरक ना भो." दुसऱ्या दिवशी पन्नास घरांतून पुरणाच्या पोळ्या यायच्या. एका वर्षी त्या सगळ्या खाऊन हौश्या दोन दिवस आडवा पडला, तेव्हापासून नानांनी नियम केला की घरटी एकच घास. लोक रुसायचे. घास मोठा करून आणायचे.

मग एका वर्षी पोळ्यानंतर थोड्या दिवसांनी सुरतेत प्लेगची पळापळ झाली. ते दिवस ज्यांनी पाहिले त्यांना वर्ष सांगावं लागत नाही. आमची गल्ली एका दिवसात रिकामी झाली. जो तो भुसावळकडे जाणाऱ्या गाडीला लोंबकळत होता. मायने बोचकं बांधलं, तोंडाला फडकी बांधली आणि नानांना म्हणाली, चला. नाना दावणीशीच उभे. म्हणाले, "गाडीमा याले कोन बसू दी? तुम्ही जा." माय रडली, भांडली, पाया पडली. ते हलले नाहीत. आम्ही गावी गेलो आणि नाना बंद लूमच्या त्या गल्लीत एकटे राहिले, ते आणि बैल. आम्ही परत आलो तेव्हा दोघंही हाडकलेले होते. माय कितीतरी दिवस त्यांच्याशी बोलली नाही. बायको-पोरीपेक्षा ढोर मोठं, ही गोष्ट तिला फार लागली होती. मला वाटतं ती शेवटपर्यंत तिच्या मनातून गेली नाही.

मिला पुन्हा सुरू झाल्या आणि साचलेला माल एकदम निघाला. रोज खेपांवर खेपा. थंडी पडली तशी जू घासून हौश्याचा खांदा आला. आधी नुसती सूज होती, मग कातडं फाटलं. नानांनी लगेच गाडी सोडली, दुसऱ्याची हातलारी मागून आणली आणि स्वतः ताके ओढू लागले. संध्याकाळी आले की आधी त्या जखमेशी. हळद झाली, कडुनिंबाच्या पाल्याचं पाणी झालं, मायने मनातला राग बाजूला ठेवून तिळाचं तेल कढवून दिलं. सूज काही उतरेना. जनावरांचा दवाखाना कुठे आहे हे गल्लीत कुणाला माहीत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर तसं काही असतं हे कुणाच्या डोक्यातही नव्हतं. शेजारचे सुकदेवकाका गावी ढोरांचे जाणते मानले जात. ते जखमेशी वाकून बघत म्हणाले, "डाग दिधाशिवाय गुन येवाव नही, आत्माराम." नानांनी चार दिवस टाळलं. पाचव्या दिवशी गोवऱ्यांचा जाळ केला.

आमच्याकडे माणसालाही डाग द्यायचे. माझ्या पोटावर लहानपणीचा एक आहे, कावीळ झाली तेव्हाचा. तो एक इलाज होता, क्रूरपणा नव्हता, हे मला आज कुणाला पटवून देता येणार नाही आणि द्यायचंही नाही. गल्लीतल्या चौघांनी बैल आडवा पाडून धरला. सुकदेवकाकांनी सळई लाल केली, पण हातात घेतली नानांनी. दुसऱ्याच्या हाताला अंदाज राहणार नाही म्हणाले. सुजेभोवती तीन डाग दिले. हौश्या ज्या आवाजात ओरडला तो आवाज लूमच्या खटखटीवरून सगळ्या गल्लीला ऐकू गेला. माय आत जाऊन कानावर हात ठेवून बसली. माणसं पांगल्यावर मी पाण्याची बादली घेऊन बाहेर गेले तर कडुनिंबापलीकडे, भिंतीच्या बाजूला, नाना हौश्याच्या मानेत तोंड खुपसून रडत होते. आवाज नव्हता, नुसती पाठ हलत होती. त्यांनी मला पाहिलं. मी बादली ठेवली आणि परत फिरले. बापाला रडताना मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं, आणि त्या वेळी ते माझ्याशिवाय दुसऱ्या कुणीही पाहिलं नाही.

त्याच सुमाराला आमच्या शाळेत ती तिकिटं आली. शाळा म्युनिसिपालटीची, मराठी. उतराणच्या, म्हणजे संक्रांतीच्या, पतंगांच्या दिवसांत सगळ्या शाळांत प्राणिदयेचा पंधरवडा पाळायचे. प्रभातफेरी, निबंध, मांज्याने कापलेल्या कबुतरांची चित्रं. त्या वर्षी एका पांजरापोळीने तिकिटांचे कागद पाठवले होते. पांजरापोळ कामरेजकडची, नाव लिहीत नाही, माणसं भली होती. म्हातारी-पांगळी जनावरं सांभाळायची. तिकिटं अगदी पोस्टाच्या तिकिटांसारखी, कडांना भोकं, मागे डिंक, वर रंगीत चित्रं. गाय, घोडा, कुत्रा, चिमणी, आणि शेवटच्या ओळीत पाच वेळा एकच चित्र, गाडीला जुंपलेला बैल. खाली गुजरातीत आणि हिंदीत छापलेलं, मुक्या जिवांवर दया करा. बाईंनी प्रत्येकीला एकेक कागद दिला, ओळखीच्यांत विका म्हणाल्या. मी गाय, घोडा, कुत्रा आणि चिमणी खपवली. बैल खपवला नाही. गाडीला जुंपलेला, गव्हाळ, थेट आमचाच. त्या पाच तिकिटांचे पैसे नानांकडून घेऊन मी ती पट्टी वहीत ठेवली.

कागदाच्या मागे त्या पांजरापोळीचा पत्ता होता आणि लिहिलं होतं, आजारी अगर दुःखी प्राणी आढळल्यास कळवा. मी वाचलं आणि मला काय आनंद झाला म्हणून सांगू. डाग देऊनही आठ दिवस झाले होते, खांदा अजून तसाच होता, नाना रोज हातलारी ओढून वाकून घरी येत होते. आणि इथे कुणीतरी विचारतंय, आजारी प्राणी आहे का! मी ठरवलं, यांच्याकडून औषध मागवायचं आणि औषध आल्यावरच नानांना सांगायचं. त्याच महिन्यात बाईंनी अर्जलेखन शिकवलं होतं. अर्जात घरगुती लिहायचं नाही, माझे नाना, माझी माय असं तर मुळीच नाही. सभ्य, परक्या माणसासारखं लिहायचं, आणि शेवटी स्वतःचं नाव न घालता अ. ब. क. लिहायचं. ते परीक्षेतलं आहे, पेपर तपासणाऱ्याला नाव कळू नये म्हणून, हे काही माझ्या लक्षात आलं नाही. मला वाटलं अर्जाची रीतच ती. आज मी स्वतः शाळेत शिकवते, आणि पोरींना अर्ज शिकवताना पहिल्या दिवशी सांगते, बायांनो, खऱ्या पत्राखाली खरं नाव लिहायचं. त्या हसतात. त्यांना वाटतं बाईंना कुणी निनावी पत्रं पाठवत असेल.

मी अर्ज लिहिला. आमच्या गल्लीचा पत्ता, कडुनिंबाची खूण, सगळं नीट. पाकिटावर तिकीट लावायचं असतं हे मला माहीत होतं, पण आमच्या घरातून जायची ती कार्डं. कार्डाला वेगळं तिकीट लागत नाही. पाकिटाला कधी कुणी हात लावलेला नव्हता. माझ्याजवळ तिकिटं होतीच. एकाने भागेल की नाही कोण जाणे, म्हणून पाचही बैल ओळीने चिकटवले आणि शाळेच्या वाटेवरच्या पेटीत पाकीट टाकलं. असली तिकिटं लावलेलं पत्र कुणी फेकून दिलं असतं, कुठे गहाळ झालं असतं, तर माझं सगळं आयुष्य हलकं गेलं असतं.

ते पोचलं. आठवड्याभरात एक टेम्पो आमच्या बोळाच्या तोंडाशी येऊन उभा राहिला. त्यातून दोन माणसं, एक चष्म्याच्या बाई आणि एक पोलीस उतरले. मी दारातच होते आणि मला सगळं एका क्षणात कळलं, म्हणजे तेव्हा वाटलं की कळलं. औषधाऐवजी डॉक्टरच आले! छाती फुगली माझी. त्या बाईंनी हौश्याचा खांदा पाहिला, डागांचे फोटो काढले आणि त्यांचे डोळे भरून आले. नाना नुकतेच लारी ठेवून आले होते. त्यांनाही वाटलं सरकारी दवाखान्यातली माणसं आहेत. बैल घेऊन जायचा आहे म्हटल्यावर ते म्हणाले, न्या, बरा करून आणा. हौश्या टेम्पोत चढेना. दोघांनी ओढलं, ढकललं, तो पाय रोवून उभा. मग नानांनीच त्याच्या कानाशी काहीतरी सांगितलं, फळीवर आधी स्वतः चढले आणि तो त्यांच्यामागून मुकाट वर गेला. दोर बांधून देताना ते त्या माणसांना सांगत होते, "याले शिळं पानी चालत नही." तेव्हा पोलिसाने त्यांच्या हातात एक कागद दिला. नानांना वाचता येत नव्हतं. त्यांनी तो मला दिला. कागद गुजरातीत होता, पण एवढं मला कळलं, बैलावर अत्याचार केल्यामुळे तो जप्त केला आहे. मी वर पाहिलं तोवर टेम्पो वळला होता.

पुढचे तीन आठवडे मला नीट सांगता येणार नाहीत. कडुनिंबाखाली खुंटा तसाच, नाना सकाळी उठून सवयीने दार उघडायचे आणि उभे राहायचे. एक दिवसाआड ते बसने कामरेजला जात. साहेब नाहीत, कमिटी बसायची आहे, उद्या या. परत येत तेव्हा एकच सांगत, "लांबथीन दिसना." म्हणजे लांबून दिसला. माय आधी सुकदेवकाकांच्या बायकोशी भांडली, मग समोरच्या भजीवाल्याशी. कुणीतरी चुगली केली होती आणि ते कोण हे तिला हवं होतं. मी जेवत नव्हते. मायला वाटलं बैलाच्या दुःखाने. मी रोज ठरवायचे आज सांगू, आणि रोज नानांचं तोंड पाहून फळीवरची भांडी आत ढकलायला उठायचे. भेकड होते मी. शेवटी एके दिवशी नाना म्हणाले की तिथल्या मेहताजींनी, म्हणजे कारकुनाने, वाचणारं माणूस सोबत आणायला सांगितलंय, तू चल. हौश्या परत मिळायचा असेल तर आता मिळेल, नाही तर नाही.

मेहताजी म्हातारे, टोपी घातलेले, बोलायला फार मऊ होते. त्यांनी आम्हाला बाकावर बसवलं, मला पाणी दिलं, आत्मारामभाई म्हणून नानांची विचारपूस केली. हौश्याचा खांदा भरत आलाय, मलम रोज लागतंय, हेही सांगितलं. मग म्हणाले, तुमच्याविरुद्ध अरजी आहे, ती तुम्हाला ऐकवणं नियमाने जरूर आहे. त्यांनी फाईल उघडली. वर माझं पाकीट होतं. पाच बैल ओळीने, आणि बाजूला पोस्टाचा दंडाचा शिक्का. मेहताजी हसून म्हणाले, बघा, ही आमचीच तिकिटं, पोस्टात चालत नाहीत. पोस्टमन परत नेत होता, पण जीवदयेचं पत्र परत कसं करणार, म्हणून दंड भरून घेतलं. नाना त्या तिकिटांकडे बघत राहिले. मी त्यांच्याकडे पाहायचं धाडस केलं नाही. तसले कागद सगळ्या शाळेत वाटले होते, असं मी मनात म्हणत होते. मेहताजींनी पत्र माझ्या हातात दिलं. "ले बेटा, मराठी छे, तू वांच."

मी उभी राहिले आणि माझं पत्र माझ्या बापाला वाचून दाखवलं. विषय, बैलाला औषध मिळण्याबाबत. महोदय, आमच्या गल्लीतील एक गाडीवान यांचा बैल खांदा आल्यामुळे आजारी आहे. त्यांनी सर्व उपाय केले. हळद लावली. कडुनिंबाचा पाला लावला. शेवटी सळई लाल करून तीन डाग दिले, तरी गुण आला नाही. या ओळीखाली कुणीतरी लाल शाईने दोनदा रेघ मारली होती. ती ओळ मी अभिमानाने लिहिली होती. केवढे कष्ट घेतले बघा, हे सांगायला लिहिली होती. पुढची ओळ वाचू की गाळू, असं मला एक क्षण झालं. गाळली असती तर मी सुटले असते. पण मेहताजी नानांना कसाई समजत होते आणि ती ओळ त्यांनी ऐकायलाच हवी होती. मी वाचली. गाडीवान अत्यंत दयाळू आहेत. डाग दिल्यावर ते बैलाच्या मानेत तोंड घालून रडले. तरी कृपया औषध पाठवावे. आपली आज्ञाधारक, अ. ब. क.

नानांनी बाकाची हाताने धरलेली कड सोडली आणि हात मांडीवर ठेवले, एवढंच. त्यांना कळलं होतं. त्या भिंतीच्या बाजूला कोण होतं हे त्यांना नाही तर कुणाला माहीत असणार.

मेहताजींनी चष्मा काढून पुसला. हे रडण्याचं आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं, म्हणाले. मग खुर्ची पुढे ओढून त्यांनी हलक्या आवाजात वाट सांगितली. अरजीला नाव नाही, गाव नाही. तुम्ही एवढं लिहून द्या की ही अरजी खोटी आहे, कुणी दुश्मनाने केली, डाग तुम्ही दिले नाहीत, जुने गावाकडचे आहेत. मी कमिटीपुढे ठेवतो. आजच बैल घेऊन जा. नाही तर तो इथेच राहील, मग माझ्या हातात काही नाही. त्यांनी कोरा कागद आणि पेन माझ्यासमोर सरकवलं. "तू लिख, बापुजी अंगठो मारशे." मला वाटलं, सुटलो. देवा, सुटलो. मी कागदावर वाकून लिहायला लागले, सदर अर्ज खोटा असून अर्ज करणारी व्यक्ती... तेवढ्यात नानांचा हात माझ्या हातावर आला. दोर ओढून ओढून चरबरीत झालेला हात. "लिखू नको, बाई," ते म्हणाले. माझ्या बोटांतून पेन काढून घेऊन त्यांनी ते टेबलावर नीट ठेवलं आणि मेहताजींना त्यांच्या भाषेत म्हणाले, "साहेब, एमां खोटुं कंई नथी."

मेहताजींनी त्यांना दोनदा समजावलं. बैल जाईल, आत्मारामभाई. नाना मान हलवत राहिले. खोटं काही नाही. लिहिणाऱ्याने सगळं खरं लिहिलंय. मेहताजींनी हताश होऊन दुसरा कागद काढला, बैल कायमचा संस्थेकडे सोपवल्याचा, आणि नानांनी त्यावर अंगठा दिला. निघताना आम्हाला हौश्याजवळ जाऊ दिलं. खांद्यावर नवं गुलाबी कातडं आलं होतं, तीन डाग मात्र दिसत होते. नानांनी त्याच्या कपाळावरून हात फिरवला आणि त्या दिवशी पहिल्यांदा ते त्याच्याशी काहीच बोलले नाहीत. आम्ही चालायला लागलो तसा तो आमच्या मागून निघाला, दाव्याचा दोर पुरेपर्यंत आला आणि थांबला. नानांनी मागे पाहिलं नाही. मी पाहिलं.

बसमध्ये मला वाटलं आता ते विचारतील, आता मारतील, काहीतरी म्हणतील. मला तेच हवं होतं. खूप वेळाने, शहर जवळ आल्यावर, खिडकीकडे तोंड करून ते म्हणाले, "तू चांगलं वाचस. कोठेच अडकनी नही." बस्स.

घरी माय दारातच उभी होती. बैल नाही हे तिने लांबूनच पाहिलं. नानांनी हातपाय धुतले, जेवायला बसले. मी वाढत होते. मायने विचारलं, कुणी लिहिलं होतं ते तरी कळलं का. नाना म्हणाले, "खाले नाव नव्हतं." मग मायने तोंड सोडलं. तिच्या तोंडाला तेव्हा काही धरबंध नसे. त्याचं वाटोळं होवो, त्याच्या दारात खुंटा राहो आणि ढोर न राहो, आणि शेवटी, "जेनी लिखं त्याना हात झडो." नानांनी हातातला घास ताटात ठेवला. आयुष्यात त्यांनी मायवर आवाज चढवल्याचं मला आठवत नाही, तेव्हाही चढवला नाही, पण मागे लूम चालू असतानाही त्यांचा शब्द न् शब्द ऐकू आला. "त्या हातले काही म्हनू नको."

मायला काही कळलं नाही, आणि तिला ते शेवटपर्यंत कळलं नाही. मी आमटीचं भांडं घेऊन उभी होते आणि माझा हात असा कापत होता की पळी भांड्यावर वाजत होती. नानांनी वर पाहिलं नाही. आमटी सांडू नये म्हणून त्यांनी आपलं ताट उचलून माझ्या हाताखाली धरलं.